किल्ल्याएवढे राज्य

रत्नागिरीच्या माणसाला राज्य गेलेला राजा नवा नाही. आमच्या गावात थिबा राजाचा राजवाडा आहे. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले, १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले आणि १९१६ साली इथेच त्याचा अंत झाला. १९१० साली बांधून पुरा झालेल्या त्या राजवाड्यातून खाली खाडी दिसते. लहानपणी तिकडे फिरायला गेलो की मला एकच कोडे पडायचे. राज्य नाही, फौज नाही, दरबार नाही. मग हा राजा सकाळी उठल्यावर दिवसभर करत तरी काय असेल?

पुढे बत्तीस वर्षे बँकेत काढून निवृत्त झालो, तेव्हा पहिल्याच सोमवारी सकाळी दहा वाजता तेच कोडे माझ्याच ओटीवर येऊन बसले. बँकेच्या अधिकाऱ्याने राजाशी बरोबरी सांगू नये, एवढे मला कळते. पण सहीचा अधिकार गेलेल्या माणसाचा दिवस किती लांब असतो, ते निवृत्त वाचकांना वेगळे सांगायला नको.

या कोड्याचे एक उत्तर मला घरापासून फार लांब, तंजावरला मिळाले. कोकण रेल्वेने दक्षिणेला उतरून, वाटेत गाड्या बदलून आम्ही उभयता तिथे पोहोचलो ते खरे तर बृहदीश्वराचे मंदिर पाहण्यासाठी. राजराज चोळाने इ.स. १०१० मध्ये पूर्ण केलेले हे मंदिर, त्याचे साठ मीटरहून उंच शिखर, समोरचा एकाच दगडातला प्रचंड नंदी, हे सारे चित्रांत अनेकदा पाहिलेले होते. ज्याची कल्पना नव्हती, ते पुढेच होते. आवाराच्या कडेने ओवऱ्यांतून प्रदक्षिणा घालत असताना नैऋत्येच्या बाजूला सौ. अचानक थबकली आणि भिंतीवरचे काहीतरी वाचू लागली. सकाळपासून पाट्यांवरच्या तमिळ अक्षरांपुढे निरक्षर झालेले आम्ही दोघे, आणि समोर भिंतभर कोरलेली आपली देवनागरी! भाषाही मराठीच. जुन्या वळणाची, पण आपली.

तो भोसले वंशाचा इतिहास. डिसेंबर १८०३ मध्ये तंजावरचे राजे सरफोजी यांच्या आज्ञेने त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी तो सिद्ध केला आणि दगडात कोरवला. देशातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. आता हे साल जरा आठवून पाहा. त्याच १८०३ च्या सप्टेंबरात असईच्या लढाईत आणि नोव्हेंबरात अडगावच्या लढाईत इंग्रजांनी मराठी फौजांचा पराभव केला होता. पुण्याचे पेशवे वसईच्या तहाने कंपनीच्या ताटाखाली गेले होते. मराठी सत्तेचा सूर्य असा कलत असताना इकडे कावेरीकाठी एक मराठी राजा आपल्या घराण्याची हकीगत दगडावर लिहून ठेवत होता. आणि त्याचे स्वतःचे राज्य? ते तर चार वर्षांपूर्वीच गेले होते!

मराठी राज्य तिकडे पोहोचले कसे, ते थोडक्यात सांगतो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी हे विजापूरच्या चाकरीत होते. १६७५-७६ च्या सुमारास ते फौज घेऊन दक्षिणेत उतरले आणि तंजावर त्यांनी स्वतःच ताब्यात घेतले. तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षे, तिथे भोसल्यांची गादी होती. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे मराठीत नाटके लिहीत. आपण मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या प्रयोगापासून मोजतो. शहाजीराजांची नाटके त्याच्या सव्वाशे वर्षे तरी आधीची. पण तंजावर आपल्या शालेय इतिहासात एका ओळीत येते आणि पुढच्या ओळीत विसरले जाते.

सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. भोसल्यांच्याच भाऊबंदांतला हा मुलगा. गादीवरचे राजे तुळजाजी तेव्हा सर्व बाजूंनी खचलेले होते. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या मदतीने त्यांचे राज्यच घेतले होते. १७७६ मध्ये ते परत मिळाले खरे, पण कर्जासह. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने कावेरीचा सुपीक मुलूख उजाड केला. घरातही मृत्यूंनी वारस उरू दिला नव्हता. तेव्हा जानेवारी १७८७ मध्ये त्यांनी नऊ वर्षांच्या या मुलाला दत्तक घेतले आणि त्याच वर्षी स्वतः देह ठेवला.

मरणापूर्वी त्यांनी मुलाची काळजी एका परक्या माणसावर सोपवली होती. त्याचे नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. हा जर्मन धर्मोपदेशक कित्येक वर्षे त्या भागात राहत होता, तमिळ आणि मराठी बोलत होता, आणि त्याच्या शब्दावर राजे, नबाब व कंपनी असे तिघेही विश्वास ठेवत. राज्यकारभार मात्र तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेला. हे दत्तक शास्त्रशुद्ध नाही, असे मत काही पंडितांनी दिले आणि कंपनीने अमरसिंहांनाच राजा म्हणून मान्यता दिली.

काकाच्या राज्यात पुतण्याचे काय होते, ते मराठी वाचकाला सांगायला नको. मुलगा वाड्यात जवळजवळ कोंडलेला असे. शिक्षणाची आबाळ होई. श्वार्ट्झने कंपनीकडे तक्रारींमागून तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये मुलाला आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलवण्यात आले. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या जर्मन पाद्र्याच्या हाताखाली त्याचे शिक्षण झाले. इकडे दत्तकाचा प्रश्न पुन्हा उघडला, पुन्हा पंडितांची मते मागवली गेली, आणि या खेपेस ती मुलाच्या बाजूने पडली. जून १७९८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सरफोजी गादीवर बसले. अमरसिंह पेन्शन घेऊन तिरुविडैमरुदूरला राहायला गेले. ज्याने हे सारे घडवून आणले, तो श्वार्ट्झ मात्र हा दिवस पाहू शकला नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तो वारला होता.

बृहदीश्वर मंदिराच्या शेजारीच, शिवगंगेच्या छोट्या किल्ल्यात, श्वार्ट्झने बांधलेले चर्च आहे. त्यात संगमरवराचे एक शिल्प पाहायला मिळते. लंडनचा नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून सरफोजींनी ते मुद्दाम करवून घेतले. मरणशय्येवर म्हातारा श्वार्ट्झ, आणि त्याचा हात हातात घेऊन उभा असलेला तरुण राजा. आपल्या गुरूच्या थडग्यासाठी सरफोजींनी स्वतः इंग्रजीत कविता रचली. गंमत अशी, की या राजाने धर्म काही बदलला नाही. तो शेवटपर्यंत शिवभक्तच राहिला. गुरूचा धर्म गुरूपाशी आणि गुरूचे ऋण आपल्यापाशी, इतका साधा हिशेब त्याने ठेवला.

आता मुख्य गोष्ट. गादीवर बसून जेमतेम सोळा महिने झाले आणि २५ ऑक्टोबर १७९९ रोजी सरफोजींनी कंपनीशी तह केला. त्याच वर्षी मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले होते, टिपू सुलतान मारला गेला होता, आणि दक्षिणेत कंपनीला अडवणारे कोणी उरले नव्हते. तहाने तंजावरचा सगळा मुलकी आणि फौजदारी कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे उरले ते किताब, तंजावरचा किल्ला आणि त्याच्या भोवतालचा थोडा परिसर. त्याच्या बदल्यात वर्षाला एक लाख स्टार पगोडा, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा.

बँकेतल्या माणसाची नजर अशा तहाकडे कर्जाच्या करारासारखी जाते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली भाताची कोठारे कंपनीने घेतली आणि मालकाला त्याच्याच उत्पन्नातला हिस्सा पेन्शन म्हणून बांधून दिला. कंपनी वसूल करणार, रयत भरणार, आणि त्यातला पाचवा भाग राजाकडे येणार. सरफोजींच्या हातात पुढे जो पैसा आला, तो असा आला, हे विसरून त्यांचे चरित्र सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्यांच्या कृपेने गादी मिळाली, त्यांना नाही म्हणण्याची ताकद बावीस वर्षांच्या राजात नव्हती, हेही तितकेच खरे.

त्या कराराच्या वेळचा त्यांचा एक आग्रह मात्र पाहण्यासारखा आहे. तंजावर राज्यात रामेश्वराच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे होती. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा आणि अन्नछत्र. काशी-रामेश्वर करणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक यात्रेकरूंनी तिथे पाठ टेकली असेल. ही छत्रे आणि त्यांना लावून दिलेल्या जमिनी आपल्याच देखरेखीखाली राहाव्यात, म्हणून सरफोजींनी १८०१ साली तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिले. तिथे सर्व जातींच्या वाटसरूंना जेवण मिळते, आजारी पडल्यास औषधपाणी होते, असे त्यांनी त्यात कळवले. राज्य सोडताना हा माणूस खजिन्यासाठी नव्हे, तर पंगतीसाठी भांडला. पुढे मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ त्यांनी ओरत्तनाडू येथे आणखी एक छत्र उभारले आणि तिथे मोफत शाळाही काढली.

मग सुरू झाला तो तेहतीस वर्षांचा लांबच लांब दिवस. सरफोजींनी तो कसा घालवला, ते तंजावरच्या राजवाड्यात गेले की कळते. नायक राजांनी बांधलेला आणि मराठ्यांनी वाढवलेला हा वाडा. त्यातले सरस्वती महाल ग्रंथालय हे सरफोजींचे खरे राज्य. ग्रंथसंग्रह नायकांच्या काळापासून होताच. सरफोजींनी त्याला असे रूप दिले की आज जगातले संस्कृतचे अभ्यासक तिथे येतात. १८२० साली ते काशीयात्रेला निघाले तेव्हा बरोबर तीन हजारांचा लवाजमा होता. लोक काशीहून गंगा आणतात. राजांनी गंगेबरोबर हस्तलिखितेही आणली, आणि काशीच्या घाटांची चित्रे काढवून घेतली. ती ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. युरोपातून मागवलेली इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तके हजारोंनी आहेत. त्यांतल्या कित्येकांवर राजांची इंग्रजी सही आहे. राज्यकारभाराच्या कागदांवर चालणारी सही गेली, तेव्हा या गृहस्थाने ती पुस्तकांवर करायला सुरुवात केली!

नुसती पुस्तके जमवून ते थांबले नाहीत. १८०५ च्या सुमारास त्यांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला. त्याचे नाव नवविद्याकलानिधी वर्णयंत्रशाळा. १८०६ मध्ये तिथून बालबोधमुक्तावळी हे पुस्तक निघाले. इसापनीतीतल्या गोष्टींचे हे मराठी रूप सख्खण पंडितांनी केले होते. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी हे एक. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलांच्या हाती छापील गोष्टी पडण्याच्या कितीतरी आधी तंजावरच्या मराठी मुलांसाठी कोल्ह्याची आणि द्राक्षांची दुनिया छापून तयार होती. त्यांच्या शाळांत मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी शिकवीत. मुलांना आणि दरबारी मंडळींना जगाचा भूगोल कळावा म्हणून सरफोजींनी देवेंद्र कुरवंजी हे मराठी नृत्यनाट्य रचले. कुरवंजी हा तिकडचा लोकप्रिय प्रकार. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी बाई येते. या नाटकात ती खंड, देश आणि समुद्र सांगते. भूगोलाच्या तासाला झोपणाऱ्या आमच्या पिढीला असा मास्तर मिळायला हवा होता.

धन्वंतरी महाल ही त्यांची आणखी एक संस्था. वैद्य, हकीम आणि युरोपीय पद्धतीचे डॉक्टर यांना त्यांनी एकत्र आणले, औषधे तयार करून अनुभवाला उतरलेले उपचार लिहून घेतले. ते पुढे तमिळ पद्यांतही बांधले गेले, म्हणजे गावोगावच्या वैद्यांना पाठ करता यावेत. डोळ्यांच्या रोग्यांचे त्या वेळचे केसपेपर ग्रंथालयात आजही आहेत. रोग्याची हकीगत, केलेला उपचार आणि शेजारी डोळ्याचे रंगीत चित्र. अलीकडच्या काळात नेत्रवैद्यांनी त्यांचा अभ्यास करून शास्त्रीय नियतकालिकांत लिहिले आहे.

संगीताचेही तेच. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ त्यांच्या दरबारात होते. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम आपण पाहतो, अलारिपूपासून तिल्लानापर्यंतचा, तो या चौघांनी बसवला. आपली भाची किंवा नात रंगमंचावर अलारिपूने आरंभ करते, तेव्हा त्यामागे एका मराठी राजाचा दरबार उभा असतो, हे किती जणांच्या ध्यानी येते?

१८२६ च्या वसंतात कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले आणि सरफोजींना भेटले. रसायन आणि निसर्गविज्ञान या विषयांवरच्या युरोपीय ग्रंथकारांची नावे हा राजा सहज घेतो, शेक्सपिअरविषयी त्याचे स्वतःचे मत आहे आणि शिवाय तो घोड्यांचा जाणकार व वाघाचा निधड्या छातीचा शिकारी आहे, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले. त्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिलला, तिरुचिरापल्ली येथे बिशपांना मृत्यू आला.

इथवर वाचून सरफोजी म्हणजे निर्दोष ऋषी असे कोणाला वाटू नये, म्हणून मनोऱ्याचीही गोष्ट सांगतो. तंजावरहून साठ-पासष्ट किलोमीटरवर समुद्रकाठी मल्लिपट्टिनमजवळ एक षट्कोनी, आठ मजली बांधकाम आहे. त्याला आजही मनोरा असेच म्हणतात. भोवती किल्ल्यासारखा कोट आहे. नेपोलियनचा पाडाव झाला, त्या इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून सरफोजींनी तो १८१४ साली बांधला. वर मराठीसह अनेक भाषांत लेख कोरले. ज्या इंग्रजांनी राज्य घेतले, त्यांच्याच विजयाचा मनोरा! फोटो पाहूनसुद्धा माझ्या मराठी मनाला तो टोचला. ही निव्वळ खुशामत होती, मनापासूनची मैत्री होती, की उरलेसुरले टिकवण्यासाठी भरलेला हप्ता होता? तिन्ही असू शकेल. बँकेत मीही नको त्या बदली-बढतीच्या समारंभांत हार घातले आहेत. म्हणून त्या मनोऱ्यावर पहिला दगड मारायला माझा हात उचलला नाही.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले. १८५५ मध्ये पुरुष वारस मागे न ठेवता ते गेले, तेव्हा कंपनीने संस्थान खालसा केले आणि खाजगी मालमत्तेवरही जप्ती आणली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या, १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये हरल्या. हे सत्तेचे कृत्य आहे, त्यात कोर्टाला पडता येत नाही, असा निकाल लागला. १८६२ मध्ये सरकारने मेहेरबानी म्हणून मालमत्ता परत दिली. छापखाना, धन्वंतरी महाल, दरबार यांतले काही उरले नाही. उरले ते ग्रंथालय. १९१८ साली ते सर्व लोकांसाठी खुले झाले आणि आता सरफोजींच्याच नावाने चालते.

थिबा राजाला आपण उगीच नावे ठेवू नयेत. तो कैदी होता. त्याला गाव सोडायची मुभा नव्हती, सोबत त्याची भाषा जाणणारे फारसे कोणी नव्हते, आणि अंगावरची माणके विकून कर्ज भागवण्यात त्याची वर्षे गेली. सरफोजींना घर होते, पैसा होता, काशीला जायची मोकळीक होती. तरीही मोकळीक आणि पैसा असणारे संस्थानिक आपल्या देशात शेकड्यांनी होऊन गेले. त्यांनी काय केले, ते आपल्याला ठाऊक आहे. राज्य किती मोठे होते, हे सरफोजींच्या हाती नव्हते. उरलेल्या किल्ल्याचे काय करायचे, एवढे होते. तेवढे त्यांनी मन लावून केले.

सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या आसपास आहेत, आणि मोडी कागदांचे शेकडो रुमाल. वाचणारे थोडे. आम्ही दोघे काचेआडचे मोडी पान पाहत उभे होतो. त्यात काय लिहिले आहे, ते मला कळत नव्हते. तमिळ पाटीपुढे होतो, तसाच आपल्याच भाषेपुढे निरक्षर. मंदिराच्या भिंतीवरचा अभिमान तिथे पार उतरला.

घरी परतल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आजोबांच्या वेळचे मोडी कागद तिच्यात आहेत. जमिनीचे असतील, कर्जाचे असतील, कदाचित नुसती किराणा मालाची यादी असेल. साठी उलटल्यावर मी मोडीची बाराखडी गिरवायला घेतली आहे. हात अजून अडखळतो. सौ. माझ्यापेक्षा पुढे आहे. सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आम्ही दोघे ओटीवर पाटी घेऊन बसलेले असतो.